ठासणीच्या बंदुकीची तपकिरी नळी : मुद्दाम चढवलेल्या आणि वेळीच थांबवलेल्या गंजाची कारागिरी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जुन्या घरांतून शस्त्रे खाली उतरवली जातात. तलवार असते, कोयते असतात, आणि एखाद्या घरी पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूकही असते. पूजेला मांडायची म्हणून तिची साफसफाई होते. पूर्वी राख आणि काथ्या, मध्यंतरी विटेची भुकटी आणि आता पॉलिश पेपर, असा या साफसफाईचा प्रवास झालेला आहे. नळीचा तपकिरी थर निघून खालचे पांढरे लोखंड चकाकू लागले की काम नीट झाले, असा सर्वसाधारण समज असतो. आमच्या आजोळी मामाने असेच एकदा अख्खी दुपार खर्चून नळी आरशासारखी केली होती. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर नारिंगी गंजाचे फोड आले. मग पुन्हा घासणे आले. असे चार-पाच दसरे गेल्यावर नळीवरची नक्षी दिसेनाशी झाली.

मामाने जे काढून टाकले, तो गंजच होता. परंतु तो कारागिराने मुद्दाम आणलेला, पुटावर पूट देऊन जमवलेला आणि नेमक्या क्षणी थांबवलेला गंज होता. बंदुकीच्या व्यवसायात या क्रियेला ब्राऊनिंग म्हणतात. मराठीत तिला रूढ असा एकच शब्द नाही. प्रस्तुत लेखात ‘तपकिरी पूट’ असा शब्दप्रयोग केला आहे, कारण वैद्यकातील भस्माप्रमाणे येथेही सारे काम पुटांचेच आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे जिची दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत सोडून गजाने ठासावी लागते ती. चाप कोणताही असो, तोड्याचा, चकमकीचा किंवा केपाचा, भरण्याची रीत तीच. या बंदुकांच्या नळ्या घडीव लोखंडाच्या असत. घडीव लोखंड उघडे राहिले की गंजणारच. त्यावर उपाय दोन. एक, त्याला नित्य घासून उजळ ठेवणे. दुसरा, त्याला एकदाच, पण आपल्या अटींवर गंजू देणे.

पहिल्या उपायाची किंमत युरोपातील सैन्यांनी दीर्घकाळ मोजली. अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या मस्केटची नळी चकचकीत असावी असा दंडक होता. शिपाई ती विटेच्या भुकटीने आणि तेलाने घासत. परेडच्या मैदानावर ती शोभून दिसे. तथापि, दररोजच्या घासण्याने नळीची जाडी हळूहळू कमी होते आणि पातळ झालेली नळी दारूच्या स्फोटापुढे किती टिकेल याचा भरवसा राहत नाही. शिवाय उन्हात लखलखणारी नळी मैलभरावरून शत्रूला ठाव सांगते. शिकाऱ्याच्या बाबतीत हेच काम ती सावजासाठी करते. म्हणूनच तपकिरी नळीचा आग्रह प्रथम धरला तो शिकाऱ्यांनी आणि आडोशाने लढणाऱ्या हलक्या पायदळाने. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दाखल झालेल्या बेकर रायफलची नळी तपकिरी होती. सर्वसाधारण मस्केटच्या नळ्यांना तपकिरी पूट देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुजला.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. ब्रिटिशांची ‘ब्राऊन बेस’ ही मस्केट प्रसिद्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनवल्या जाणाऱ्या तिच्या ३९ इंची नळीच्या प्रकाराला ‘इंडिया पॅटर्न’ असेच नाव होते आणि फ्रान्सशी युद्ध जुंपल्यानंतर बंदुकांची टंचाई भासू लागली तेव्हा १७९७ मध्ये खुद्द ब्रिटिश सैन्यानेही तो स्वीकारला. मराठ्यांच्या विरोधात कंपनीच्या पलटणींच्या हाती होती ती मुख्यत्वे हीच बंदूक. ‘ब्राऊन’ हे नाव तिच्या तपकिरी नळीवरून पडले असे अनेक पुस्तकांत छापले जाते. ते पटण्यासारखे नाही. हे टोपणनाव फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बोलीकोशात आधीच नोंदलेले आहे आणि त्या काळी या मस्केटच्या नळ्या उजळच ठेवल्या जात. नाव कदाचित अक्रोडाच्या तपकिरी दस्त्यावरून आले असेल, कदाचित नुसत्या बोलीभाषेतील लाडिक संबोधनातून. नळीवरून मात्र नव्हे.

लोखंडाला जाणीवपूर्वक तपकिरी करण्याची कल्पना अर्थात बंदुकीहून जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये चिलखतांनाही असा तांबूस-तपकिरी रंग देत. लोहारांनी आणि चिलखतकारांनी साध्या निरीक्षणातून हे जाणले होते की, गंजाचा पहिला थर पुसून काढला तरी खाली एक पातळ, घट्ट डाग उरतो; त्यावर पुन्हा गंज आणला की तो डाग गडद होतो; आणि पुरेसा गडद झाला की तो पुढच्या गंजाला सहजासहजी वाट देत नाही. अवघी तपकिरी पुटाची विद्या या एका निरीक्षणावर उभी आहे.

आता प्रत्यक्ष कृती. तिचा जो क्रम एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी आणि सरकारी शस्त्रशाळांनी स्थिर केला, तो आजही हातकामाने बंदुका घडवणारे पाळतात.

सर्वांत आधी नळी घासून गुळगुळीत करायची, पण आरशासारखी नव्हे. अतिशय चकचकीत पृष्ठभागावर द्रावण सरकते आणि गंज ठिपक्याठिपक्यांनी धरतो. किंचित खरखरीत अंगावर तो एकसारखा बसतो. त्यानंतर तेलकटपणा काढणे. या टप्प्यावर कारागीर जेवढा वेळ घालवतो तेवढा पुढे वाचतो, कारण बोटाचा एक ठसा राहिला तरी पुढील दहा पुटे तो ठसा तसाच दिसत राहतो. जुन्या कारखान्यांत यासाठी कळीचा चुना वापरत. चुन्याचा लेप देऊन, वाळवून, पुसून काढल्यावर नळीला हात लावायचा नाही. मग नळी धरायची कशी? तर दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या घट्ट ठोकून. त्या खुंट्यांचे काम दुहेरी असते. त्या मुठीसारख्या उपयोगी पडतात आणि द्रावण नळीच्या आत जाऊ देत नाहीत. नळीचा आतला भाग कधीही तपकिरी करत नाहीत, तेथे गंज म्हणजे निव्वळ नुकसान. रंजकाचे छिद्रही लाकडाच्या काडीने किंवा मेणाने बंद करतात.

मग द्रावणाचे पूट. नवशिक्याची चूक येथेच होते. त्याला वाटते, द्रावण भरपूर लावले की रंग लवकर येईल. वस्तुतः स्पंज किंवा फडके जेमतेम ओलसर असावे, नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब हात फिरवावा आणि त्याच जागी पुन्हा परतू नये. द्रावण ओघळले की ओघळाची रेघ कायमची उमटते. त्यात मोरचूद असेल तर अधिक लावलेल्या जागी तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो आणि तो भाग पुन्हा मुळापासून घासावा लागतो.

पूट दिलेली नळी दमट जागी टांगून ठेवतात. कोरड्या प्रदेशांतील कारागीर यासाठी लाकडी कपाट करतात आणि त्याच्या तळाशी गरम पाण्याचे भांडे ठेवतात. हवेच्या मानाने बारा ते चोवीस तासांत नळीवर तांबूस गंजाची मऊ लव येते. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीतील कोणत्याही माजघरात हे काम काही तासांतच होईल. किंबहुना आपल्याकडे अडचण उलटी आहे, गंज आणण्याची नव्हे तर वेळेवर थांबवण्याची. लव फार वाढू दिली तर ती लोखंडाला खड्डे पाडते आणि मग तपकिरी रंग कितीही गडद झाला तरी अंग खडबडीतच राहते.

लव आली की तारेच्या बारीक ब्रशने किंवा पिंजणीच्या तारा बसवलेल्या पट्टीने ती हलक्या हाताने झाडून काढायची. सुटा गंज जातो, घट्ट डाग उरतो. पहिल्या दोन-तीन पुटांनंतर नळी अतिशय ओंगळ दिसते. ठिगळे लावल्यासारखी, कुठे पिवळट, कुठे राखाडी. या अवस्थेत अनेक हौशी माणसे धीर सोडतात आणि पुन्हा घासायला घेतात. चौथ्या-पाचव्या पुटापासून ठिगळे एकमेकांत मिसळू लागतात. सहा ते दहा पुटांनंतर रंग पिकलेल्या चिंचेच्या टरफलासारखा होतो. तेथे थांबायचे. पुटांची संख्या आधी ठरवता येत नाही. नळी किती मऊ, हवा किती ओली आणि द्रावण किती तिखट यांवर ती अवलंबून असते, आणि याचा अंदाज कारागिराच्या डोळ्यालाच असतो.

थांबवणे ही स्वतंत्र क्रिया आहे. केवळ द्रावण लावणे बंद केल्याने गंज थांबत नाही, कारण त्यातले क्षार लोखंडाच्या सूक्ष्म छिद्रांत दडून राहतात आणि हवेतील ओल ओढून आपले काम चालूच ठेवतात. म्हणून नळीला उकळते पाणी देतात. त्या पाण्यात पापडखार, पोटॅश किंवा चुन्याची निवळी अशी क्षारधर्मी वस्तू असते, ती आम्लाचा अंश मारते. पाणी निथळून नळी कोमट असतानाच तिच्यावर जवसाचे तेल, मेण किंवा लाखेचे पातळ रोगण चोळतात. कोमट लोखंड ते पिऊन घेते. जुन्या बंदुकांचा जो खोल, उबदार तपकिरी रंग आपल्याला मोहवतो, त्याच्यात या तेला-मेणाचा वाटा फार मोठा आहे.

गंमत अशी की, हेच उकळते पाणी अखेरीस न देता प्रत्येक पुटानंतर दिले, तर नळी तपकिरी न होता निळसर काळी होते. तांबूस गंज हा लोखंडाचा जलयुक्त ऑक्साइड असतो. उकळत्या पाण्यात त्याचे रूपांतर मॅग्नेटाइट नावाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये होते. लंडनच्या नामांकित कारागिरांच्या काळ्याभोर दुनळ्यांचे आणि खेड्यातल्या तपकिरी ठासणीचे गोत्र असे एकच आहे. फरक केवळ पाणी कधी द्यायचे याचा.

द्रावणात काय असे, हा प्रश्न साहजिक आहे. सर्वांत गरीब कारागिराकडे मिठाचे पाणी किंवा नवसागर असे. त्यानेही रंग येतो, पण मीठ धुऊन काढणे जिकिरीचे आणि राहिले तर नळीचा घात करणारे. शस्त्रशाळांची द्रावणे अधिक नेमकी होती. अमेरिकी सैन्याच्या १८४१ च्या ऑर्डनन्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या कृतीत मद्यार्क, मद्यार्कात विरघळवलेले लोहाचे क्लोराईड, रसकापूर, स्वीट स्पिरिट ऑफ नायटर, मोरचूद आणि नायट्रिक आम्ल असे घटक आहेत आणि ते सर्व मऊ पाण्यात मिसळायचे आहेत. इंग्लंडमधील काही कृतींत अँटिमनीचे क्लोराईड असे, त्याला कारागीर ‘अँटिमनीचे लोणी’ म्हणत. प्रत्येक घटकाचे काम वेगळे. आम्ल लोखंडाचे अंग उघडे करते. क्लोराईड गंजाला वेग देते. मोरचुदातील तांब्याचे आणि रसकापुरातील पाऱ्याचे सूक्ष्म कण लोखंडावर बसून त्याच्याशी विद्युत्-रासायनिक जोडी जमवतात आणि गंज सर्वत्र एकदम सुरू होतो. मद्यार्कामुळे द्रावण पसरते समान आणि वाळते लवकर.

या यादीतील रसकापूर हे जहाल विष आहे. ते त्वचेतून शरीरात शिरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये बंदुकीचे एकेक अंग बनवणारे स्वतंत्र कारागीर असत. नळी घडवणारा वेगळा, चाप बसवणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा. त्यांत केवळ नळ्या तपकिरी करण्याचाही एक स्वतंत्र धंदा होता. दिवसभर रसकापूर आणि नायट्रिक आम्लाच्या सान्निध्यात उघड्या हातांनी काम करणाऱ्या त्या माणसांची नावे कोणत्याही नळीवर कोरलेली नाहीत. नळीवर नाव असते ते दुकानाच्या मालकाचे. आज बाजारात मिळणारी तयार द्रावणे तुलनेने सौम्य असतात. त्यांतली काही थंड नळीवर लावायची, तर बर्चवुड केसीच्या ‘प्लम ब्राऊन’सारखी काही, पाण्याचा थेंब चरचरेल इतक्या तापवलेल्या नळीवर. तापवून दिलेले पूट तासाभरात तयार होते, पण त्याच्या वाफा हुंगण्यासारख्या नसतात, आणि रंगाची खोलीही सावकाश दिलेल्या पुटाइतकी येत नाही, असे जाणकारांचे मत आहे. मला ते मत ग्राह्य वाटते, कारण तपकिरी पुटाचे सौंदर्य त्याच्या थरांत आहे.

तपकिरी पुटाचा खरा चमत्कार मात्र पिळाच्या नळ्यांवर दिसतो. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून, पिळून, मग सळईभोवती गुंडाळून आणि ठोकून जोडलेल्या नळीला युरोपात दमास्कस म्हणत. बेल्जियममधील लिएज हे तिचे मोठे केंद्र. इंग्लंडमध्ये घोड्याच्या नालांचे जुने खिळे वितळवून-ठोकून केलेल्या लोखंडालाही विशेष मान होता, कारण वापराने आणि वारंवार ठोकल्याने ते चिवट झालेले असे. अशी नळी नुसती घासून ठेवली तर साधी दिसते. तपकिरी पूट दिले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या गतीने गंजतात आणि पिळाची वेलबुट्टी पृष्ठभागावर उमलून येते. ही नक्षी काढलेली नसते, ती धातूच्या आतच असते. गंज तिला केवळ दृश्य करतो.

त्याचबरोबर गंज दोषही लपवू देत नाही. पट्ट्यांचा सांधा नीट जुळला नसेल, मधे राख किंवा कचरा अडकला असेल, तर तेथे करड्या रेघा आणि ठिपके दिसू लागतात. म्हणूनच तपकिरी नळी ही जाणत्या गिऱ्हाइकासाठी एक प्रकारची कबुली असे. अर्थात, लबाडीही लवकरच आली. साध्या लोखंडी नळीवर मेणाने नक्षी काढून आम्लाने पिळाचा आभास निर्माण करण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकात सर्रास झाले. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ या ग्रंथात नळ्यांच्या घडणीची तपशीलवार चर्चा केली आहे; हा विषय जिज्ञासूंनी तेथे मुळातून पाहावा.

पिळाच्या नळ्यांची विद्या आपल्याकडे परकी नव्हती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये लोखंडाचा पत्रा तिरका गुंडाळून, घडीवर घडी येईल अशा बेताने नळी जोडण्याची रीत वर्णिली आहे. पत्र्याच्या कडा नुसत्या एकमेकींना भिडवण्याऐवजी एकीवर दुसरी चढवल्याने नळी फुटण्याचा धोका कमी होतो, हे त्यातले मर्म. एका बैलाने फिरवलेल्या चक्रावर सोळा नळ्या एकाच वेळी साफ करण्याच्या यंत्राचा उल्लेखही तेथे येतो. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमलवर तिनेच गोळी झाडल्याचे सांगतात. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकांच्या कित्येक नळ्यांवर आजही पिळाची रेषा दिसते, परंतु आपल्याकडे ती उमटवण्यासाठी बहुधा हिराकसासारख्या द्रव्यांनी नळी चरवण्याची पद्धत होती. युरोपीय अर्थाने सावकाश गंजवण्याची नव्हे. हा भेद संग्रहालयांतील पाट्या क्वचितच पाळतात.

गोव्याचा संबंध याहून जवळचा आहे. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने हे शहर घेतले तेव्हा येथे बंदुका घडवणारे कुशल कारागीर होते, आणि त्यांच्या कामाची तुलना त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना बोहेमियाच्या कारागिरांशी केली. त्या काळी बोहेमियाची बंदूक म्हणजे युरोपातील उत्तम माल. पुढे पोर्तुगीज आणि स्थानिक घडणीच्या संगमातून तोड्याच्या बंदुकीचा एक वेगळा प्रकार तयार झाला. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेली बंदूक याच कुळातली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पणेलीच्या दारूच्या कारखान्याची आठवण रायबंदर परिसरात अजून आहे. बंदूक घडवणाऱ्यांची मात्र नाही.

अमेरिकेत या विषयाला जितका जिव्हाळा मिळाला तितका अन्यत्र कुठेही नाही. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात घडवलेली लांब नळीची शिकारी रायफल ही तेथे लोककलेइतकी पूजनीय आहे. व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून थेट पूर्ण रायफल जुन्या हत्यारांनी घडवून दाखवली. त्यावरचा १९६९ चा माहितीपट आजही नवे कारागीर पाहतात. तरीही एक वाद मिटलेला नाही. आज त्या रायफली तपकिरी दिसतात, म्हणून त्या मुळात तपकिरीच होत्या काय? काही अभ्यासकांच्या मते अनेक नळ्या उजळ किंवा कोळशाच्या आचेवर निळ्या केलेल्या होत्या आणि दोनशे वर्षांच्या हाताळणीने, तेलाने व घामाने त्या आपोआप तपकिरी झाल्या. सरकारी शस्त्रशाळांतील धोरणही धरसोडीचे होते. १८१६ च्या नमुन्याच्या मस्केट १८२० च्या दशकात तपकिरी करत, नंतर पुन्हा उजळ. १८४१ च्या मिसिसिपी रायफलची नळी पुन्हा तपकिरी. मुद्दाम दिलेले पूट आणि काळाने दिलेले पूट यांतील फरक नळीचा दस्त्याखाली झाकलेला भाग पाहिल्यावर काहीसा कळतो. तेथेही तोच एकसारखा रंग असेल तर ते बहुधा कारागिराचे काम. तेथे पांढरे लोखंड आणि वर तपकिरी असेल, तर तो रंग काळाचा.

आता पुन्हा आपल्या माजघराकडे. घरात वारशाने आलेली ठासणीची बंदूक असेल तर तिच्या रंगाचा विचार दुसरा. पहिला विचार ती भरलेली आहे काय याचा. ही अतिशयोक्ती नव्हे. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच राहून गेल्याचे जगभर वारंवार आढळते, कारण एकदा ठासलेली दारू झाडल्यावाचून सहज बाहेर येत नाही आणि रानडुकरासाठी रात्री भरलेली बंदूक सकाळी तशीच खुंटीला लागते. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनीही पेटते. म्हणून घरातील मुलांनी केपाच्या घोड्याशी खेळणे किंवा कुणी हौसेने नळी तापवून रंग देणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. तपासणीची रीत सोपी आहे. नळीच्या तोंडापुढे स्वतः न येता एक लाकडी काठी आत जाईल तेवढी सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठीचे टोक रंजकाच्या छिद्राच्या एक-दोन इंच अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. ते खरवडून किंवा भोक पाडून काढण्याचा प्रयत्न करू नये. नळीत पाणी किंवा तेल सोडून दारू निकामी झाली असे गृहीतही धरू नये. परवानाधारक बंदूक-कारागिराला किंवा पोलिसांना कळवणे हाच मार्ग.

परवान्याचा विषयही टाळता येणारा नाही. वापरात येण्याजोगी ठासणीची बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. दुरुस्तीनेही चालू न होणारे, केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेले हत्यार त्यातून वगळता येते, पण ते तसे आहे हे ठरवणारे आपण नव्हे. शेतीच्या रक्षणासाठी परवाना असलेल्यांना निवडणुकीच्या दिवसांत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि कधीकधी ती पावसाळा उलटल्यावरच परत येते. जमा करण्याआधी नळीला बाहेरून मेण आणि आतून तेलाचा हात दिलेला बरा. परत आल्यावर कोणाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग तपकिरी नळी राखायची कशी? ओळखीची खूण एकच : जिवंत गंज नारिंगी असतो, भुकटीसारखा सुटतो आणि बोटाला लागतो, पूट गडद, गुळगुळीत आणि बंद असते. पांढऱ्या सुती कापडाला हलके तेल लावून नळीवरून फिरवावे. कापड नारिंगी झाले तर त्या जागी जिवंत गंज आहे. तेवढ्याच जागी तेल मुरवून बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने तो सोडवावा. लोखंडी लोकर, पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, गंज काढण्याची तयार रसायने यांपैकी कशाचाही स्पर्श नळीला होऊ देऊ नये. आम्लाला जुना गंज आणि जुने पूट यांतला फरक कळत नाही. स्वच्छ कोरड्या नळीवर मेणाचा अतिपातळ थर द्यावा. संग्रहालये यासाठी रेनेसाँ वॅक्ससारखे सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. बंदूक हाताळताना सुती हातमोजे असावेत, कारण घामातील मीठ हेच नवसागराचे काम करते. चामड्याच्या किंवा लोकरीच्या आवरणात ती गुंडाळून ठेवू नये, ते ओल धरते. पावसाळ्यात येथील हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर टांगण्यापेक्षा आतल्या कोरड्या खोलीत, शक्यतो तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे आतले तेल बुडाकडे आणि तेथून दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही.

आणि आधीच घासून पांढरी केलेली नळी? तिला पुन्हा तपकिरी करता येते, परंतु शंभर वर्षांहून जुन्या हत्याराच्या बाबतीत बहुतेक संवर्धक तसे करू नये असेच सांगतात. नवे पूट हे नव्या कारागिराचे असते; त्याने जुन्याची नक्कल होते, जुने परत येत नाही. मामाच्या हातची ती नळी आता मेणाखाली आहे. दर दसऱ्याला ती खाली येते, कापडाने पुसली जाते, हळदकुंकू मात्र दस्त्यालाच लागते. कुंकवाचा ओला हात नळीला लागू नये म्हणून तिच्यावर आजी केळीचे पान ठेवते.